फ्रेंचचा ओनामा



गेल्या महिन्यात एका माध्यमिक शाळेतील मास्तरांचे मला पत्र आले. पत्र छोटेसेच होते. 'आमच्या गावची एक मुलगी यंदा बारावी झाली. माध्यम मराठी, गुण बरे. पुण्याला जाऊन विद्यापीठात फ्रेंच शिकते म्हणून हटून बसली आहे. तिचे वडील मला विचारतात की, मास्तर, अजून इंग्रजीचाच पत्ता नाही, मग ही फ्रेंच मध्येच कशाला? मी त्यांना काय सांगू?'

मास्तरांना टपालाने उत्तर धाडलेच आहे. पण हा प्रश्न पडलेले वडील आणि असे मास्तर आणखीही असतील असे वाटले, म्हणून आज त्यावरच बोलतो.

वडिलांची शंका अगदी रास्त आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. आपल्याकडे समजूत अशी की, भाषा म्हणजे जिना. आधी मराठीची पायरी, मग इंग्रजीची, आणि ती चढून दमला नाही त्याने पुढच्या पायरीचा विचार करावा. मीसुद्धा पुष्कळ वर्षे हेच मानत होतो. विद्यापीठात फ्रेंचच्या अगदी पहिल्या वर्गाला, म्हणजे ज्यांना या भाषेचे एक अक्षरही येत नाही अशांना शिकवण्याचे काम माझ्याकडे होते. मी इंग्रजीतून शिकवीत असे. दुसरी वाट मला माहीतच नव्हती. मलाही तसेच शिकवलेले होते.

त्या वर्गात एका वर्षी मराठवाड्यातली एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसे. वहीत प्रत्येक फ्रेंच शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवी. मी ते पाहिले आणि सगळ्या वर्गासमोर तिला ते खोडायला लावले. पहिल्या चाचणीत तिला पन्नासांपैकी अकरा गुण पडले. पेपर घेऊन ती माझ्या खोलीत आली आणि हळूच म्हणाली, "सर, फ्रेंच समजतं हो, पण ते तुम्ही ज्याच्यातून सांगता ते समजत नाही." मी तिला म्हटले, "मग आधी इंग्रजी पक्के कर, फ्रेंच मागाहून बघू." दिवाळीच्या सुट्टीला ती गावी गेली, ती परत आलीच नाही.

तिचे म्हणणे किती खरे होते ते मला पुढच्या वर्षी कळले, आणि तेही अपघातानेच. त्या दिवशी वर्गात आकडे चालले होते. फ्रेंच आकडे साठापर्यंत सरळ जातात. सत्तरीला त्यांचे काहीतरी बिनसते. सत्तर म्हणजे 'स्वासाँत-दीस', साठ-दहा. पंच्याहत्तर म्हणजे साठ-पंधरा. आणि ऐंशीला तर ते म्हणतात 'कात्र-व्हँ'. 'कात्र' म्हणजे चार, 'व्हँ' म्हणजे वीस. चार वीस, झाले ऐंशी! सत्त्याण्णव म्हणायचे तर चार वीस दहा सात. येथे दरवर्षी वर्गात हशा पिकतो, आणि शहरातली मुले कपाळाला हात लावतात. त्या वर्षी मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा हसलाच नाही. तो म्हणाला, "सर, यात काय अवघड आहे? आमची आजी गोवऱ्या अशाच मोजते. एक ईस, दोन इसा, तीन इसा, चार इसा."

खरेच की! कुठे विसा म्हणतात, कुठे इसा. पण खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा हिशेब विसावर थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हाताची बोटे दहा, पायाची दहा, माणूस संपला. मग दुसरा माणूस. फ्रेंचांचेही जुन्या काळी असेच होते. पॅरिसमध्ये डोळ्यांचे एक प्रसिद्ध रुग्णालय आहे, त्याचे नाव 'कँझ-व्हँ', म्हणजे पंधरा विसा. तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने तीनशे अंधांसाठी ते आश्रयस्थान म्हणून बांधले, आणि तीनशे म्हणजे पंधरा विसा, म्हणून हे नाव पडले. आजही ते याच नावाने चालते. बेल्जियममधल्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी सत्तर आणि नव्वदसाठी सुटसुटीत शब्द ठेवले आहेत, 'सेप्ताँत' आणि 'नोनाँत'. पण खुद्द फ्रान्स काही आपले विसे सोडायला तयार नाही. शिक्षकबंधूंना आठवत असेल, २०१९ साली आपल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आकड्यांच्या बाबतीत सगळीच माणसे हळवी असतात, असे दिसते.

तर त्या मुलाच्या आजीने माझे डोळे उघडले. मी घरी येऊन विचार करू लागलो की, फ्रेंचमध्ये असे आणखी काय काय आहे, जे मराठी मुलाच्या जिभेवर आधीच बसलेले आहे आणि मी मात्र त्याला इंग्रजीच्या वळणाने जायला लावतो?

पहिली गोष्ट म्हणजे लिंग. इंग्रजीत मेज, घर, पुस्तक सगळे एकाच माळेचे मणी. फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूलाही लिंग असते. पुस्तक पुल्लिंगी, घर स्त्रीलिंगी, सूर्य पुल्लिंगी, आणि चंद्र चक्क स्त्रीलिंगी. इंग्रजी माध्यमातला विद्यार्थी विचारतो, मेजाला लिंग कसले? मराठी मुलाला हा प्रश्न पडतच नाही. तो खुर्ची आणि पाट यांच्यात लहानपणापासून हा भेद करीत आला आहे. आपल्याला तर तीन लिंगे सांभाळायची सवय, फ्रेंचमध्ये दोनच. विशेषण नामाप्रमाणे बदलते, हेही त्याला शिकवावे लागत नाही. चांगला मुलगा, चांगली मुलगी. तिकडे 'बों' आणि 'बॉन'. कोणत्या नामाचे कोणते लिंग ते मात्र पाठच करावे लागते, त्याला इलाज नाही. आणि नामाआधी 'ल', 'ला', 'अँ', 'य्यून' असे जे छोटे शब्द लागतात ते मराठीत नाहीत, म्हणून आपली मुले ते गाळतात. तिथे मराठी मदतीला येत नाही.

दुसरी गोष्ट तू आणि तुम्ही. फ्रेंचमध्ये आपल्या माणसाला 'त्यू', मोठ्याला किंवा परक्याला 'व्हू'. इंग्रजीत सगळ्यांना एकच मापटे. फ्रेंच माणसाला भेटल्याबरोबर 'त्यू' म्हटले तर त्याच्या भुवया वर जातात. कुठे तू म्हणावे, कुठे तुम्ही, आणि तुम्हीवरून तूवर कधी यावे, हा विवेक खेड्यातल्या मुलाला कुणी शिकवावा लागत नाही. सासरेबुवांना अरे-तुरे करू नये, एवढे तो जाणतोच.

तिसरी गोष्ट जरा व्याकरणाची आहे. पण शिक्षकबंधूंना तिची गोडी वाटेल म्हणून सांगतो. फ्रेंचमध्ये भूतकाळ करताना दोन सहायक क्रियापदे लागतात. एक 'असणे'चे, एक 'जवळ असणे'चे. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा काही क्रियापदांना पहिले लागते, आणि मग क्रियापदाचे रूप कर्त्याप्रमाणे फिरते. तो गेला, ती गेली, अगदी तसेच. बाकीच्या बहुतेक क्रियापदांना दुसरे लागते, आणि तिथे रूप कर्त्याकडे पाहतच नाही. कर्म जर क्रियापदाच्या आधी येऊन गेले असेल तर त्या कर्माप्रमाणे फिरते. 'चिठ्ठी' हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, 'लेत्र'. मी चिठ्ठी लिहिली असे म्हणताना चिठ्ठी मागून येते, म्हणून क्रियापद साधे 'एक्री'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' असे म्हणायचे तर चिठ्ठी आधी येते, आणि लगेच 'एक्रीत' होते. जणू 'लिहिलेला'चे 'लिहिलेली' झाले.

हा नियम इंग्रजीतून समजावताना मी अर्धा तास फळ्यावर बाण काढीत असे, आणि अर्ध्या वर्गाच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. फ्रान्समधली शाळकरी मुलेसुद्धा इथे हमखास चुकतात. आणि आमची सातवी-आठवीची मुले कर्तरी प्रयोग, कर्मणी प्रयोग कोळून प्यालेली असतात! 'रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली.' क्रियापद रामाला विचारत नाही, आंब्याला आणि पोळीला विचारते. मी मराठीत एवढेच म्हटले की, 'जाणे' म्हणजे कर्तरी समजा आणि 'लिहिणे' म्हणजे कर्मणी, फक्त फ्रेंच माणूस कर्म पुढे आले तरच त्याचे ऐकतो. दहा मिनिटांत पाठ झाला. दोन्ही भाषांचे नियम तंतोतंत सारखे आहेत असे कुणी समजू नये. पण दार कोणत्या बाजूला उघडते हे एकदा कळले की, कडी शोधायला वेळ लागत नाही.

ती मराठवाड्यातली मुलगी कर्म म्हणजे काय हे जाणत होती. मी कर्माला जे इंग्रजी नाव देत होतो ते तिला ठाऊक नव्हते. गोष्ट एवढीच होती.

आता उच्चारांकडे येऊ. आपल्या मुलांना वाटते, उच्चार सगळ्यांत अवघड. निम्मे खरे, निम्मे खोटे. इंग्रजांचा 'टेबल'मधला ट आपण ट लिहितो, कारण तो आपल्या त-सारखा नसतो. फ्रेंच माणूस त्याच शब्दाला 'ताब्ल' म्हणतो, आणि हा त आपलाच, दातांना जीभ लावून म्हटलेला. द-ही तसाच. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून इंग्रज माणसाला 'पेपर' म्हणायला सांगा, पट्टी हलते. त्याच्या प-मधून थोडी हवा सुटते. फ्रेंच माणसाची पट्टी हलत नाही, आपलीही हलत नाही. आपण प आणि फ वेगळे ठेवतो, त्याचा हा फायदा. नाकातून म्हणायचे स्वर, 'बों', 'व्हँ', 'ब्लाँ', हे कोकणातल्या आणि गोव्याच्या मुलांना सहज साधतात. घाटावरच्यांना थोडी मेहनत पडते.

खरी अडचण दोन ठिकाणी. एक त्यांचा र, जो जिभेच्या टोकावर नाही तर घशात, गुळणी केल्यासारखा निघतो. आणि दुसरा एक स्वर, ज्याला आपल्या बाराखडीत जागाच नाही. मी वर 'त्यू' म्हटले ते केवळ लिहिण्यापुरते. तो उच्चार असा करावा. तोंडाने 'ई' म्हणावे, जीभ हलवू नये, आणि ओठ मात्र शिट्टी वाजवताना करतो तसे गोल करावे. जो आवाज निघेल तो तो. श्रोत्यांपैकी कुणी आत्ता घरात करून पाहत असतील तर आजूबाजूची माणसे हसतील, हसू द्यावे. हा स्वर चुकला तर 'रस्ता' म्हणायचे ते 'चाक' होऊन बसते.

देवनागरीत उच्चार लिहिण्याबद्दल माझे मत आता बदलले आहे. पहिले दोन-तीन आठवडे खुशाल लिहावेत. नुसती रोमन अक्षरे पाहून आपली मुले त्यांचे इंग्रजी वाचन करतात, ते जास्त वाईट. पुढे मात्र ती काठी टाकावी, कारण वर सांगितलेला स्वर देवनागरीत मावत नाही. काठी टाकायला सांगणे निराळे आणि पहिल्याच दिवशी काढून घेणे निराळे.

फ्रेंच लिहिण्याची तऱ्हा मात्र विलक्षण आहे. पक्षी या अर्थाचा त्यांचा एक शब्द आहे, सहा अक्षरांचा: ओ, आय, एस, ई, ए, यू. उच्चार 'वाझो'. सहांपैकी एकही अक्षर आपल्या नावाला जागत नाही! शब्दाच्या शेवटची अक्षरे बहुधा मुकी. पॅरिसला ते 'पारी' म्हणतात. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की मुके अक्षर मात्र एकदम बोलू लागते. 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी', म्हणजे मित्रमंडळी. संधी शिकलेल्या मुलाला यात नवल वाटू नये. लिहितो एक आणि बोलतो एक, यावर हसण्याआधी आपणही आपली जुनी पुस्तके काढून पाहावीत. न उच्चारले जाणारे कितीतरी अनुस्वार आपण लिहीत होतो. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते गेले. फ्रेंचांनी १९९० साली आपल्या लेखनात काही थोड्या सुधारणा सुचवल्या, त्यासुद्धा पुष्कळांनी अजून मनावर घेतलेल्या नाहीत.

आता वडिलांचा खरा प्रश्न. याचा उपयोग काय? येथे गोड बोलण्यात अर्थ नाही. फ्रेंच शिकली की मुलगी विमानात बसून पॅरिसला नोकरीला जाईल, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. शाळांतून फ्रेंच शिकवणे, भाषांतर, परदेशी व्यवहार करणाऱ्या कचेऱ्यांतील काम, प्रवासाचा व्यवसाय अशा वाटा आहेत. पण त्या थोडेसे शिकून उघडत नाहीत. या भाषेच्या परीक्षांना युरोपात पायऱ्या ठरवल्या आहेत. अ एक, अ दोन, मग ब एक, ब दोन अशा. नोकरीच्या उपयोगाची भाषा व्हायला ब दोनपर्यंत जावे लागते, आणि त्याला साधारणपणे पाचशे-सहाशे तासांचे शिक्षण धरतात. रोज एक तास म्हटले तरी दीड वर्षाच्या आसपास लागते. ज्याने अ एकनंतर सोडले त्याच्या हाती 'बोंझूर' तेवढे उरते.

फ्रेंच म्हणजे फक्त फ्रान्स, हीसुद्धा जुनी कल्पना. आज ही भाषा बोलणारी निम्म्याहून अधिक माणसे आफ्रिकेत आहेत. आणि मॉरिशसमध्ये तर आपलीच माणसे आहेत. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची मराठी कुटुंबे मजूर म्हणून तिथे गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे घरी-दारी फ्रेंचमधून निपजलेली क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात, आणि शाळेत मराठी हा विषय घेतात.

आणि उलटीकडून पाहिले तर? मराठी भाषेचा शास्त्रशुद्ध इतिहास पहिल्यांदा नीट लिहिला तो झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत, आणि तोही फ्रेंचमध्ये. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला, म्हणून आपल्या प्राध्यापकांना वाचता आला. गी दलरी या फ्रेंच पाद्र्याने पुण्यात राहून विठोबाच्या संप्रदायाचा अभ्यास केला आणि १९५६ साली तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये छापले. ही माणसे कधीतरी 'क ख ग' गिरवीत बसली असतील, आणि आपल्या ळ-पाशी अडखळलीही असतील.

पुण्याला जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. 'रानडे' म्हटले की पुणेकराला परकीय भाषांचे वर्ग आठवतात; १९४९ साली सुरू झालेल्या आणि आता सावित्रीबाई फुले यांचे नाव असलेल्या विद्यापीठाचे हे वर्ग. तिथे एक अक्षर न येणाऱ्यालाही प्रमाणपत्राच्या वर्गाला बसता येते, आणि त्यापुढे पदविका. महाविद्यालयात पदवीसाठी फ्रेंच घ्यायची असेल तर मात्र आधीच विचारावे की, वर्ग पहिल्यापासून सुरू होतो की अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेल्यांसाठी आहे. हे न विचारता प्रवेश घेतलेली मुले मी रडताना पाहिली आहेत. शिकवणारा कोणत्या भाषेतून समजावतो तेही विचारावे. विचारायला लाजू नये. लाज वाटलीच तर ती उत्तर देणाऱ्याला वाटावी.

घरी मोबाईल असेल तर फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओवर शिकणाऱ्यांसाठी सोप्या फ्रेंचमध्ये बातम्या ऐकायला मिळतात, पैसे पडत नाहीत. पहिले सहा महिने त्यातले काही समजणार नाही. तरी रोज दहा मिनिटे ऐकावे; तान्हे मूलसुद्धा पहिले वर्षभर नुसते ऐकतच असते.

त्या मराठवाड्यातल्या मुलीला मी पुढे पत्र लिहिले. कार्यालयातल्या जुन्या अर्जावरचा पत्ता होता. पत्र परत आले नाही, उत्तरही आले नाही.

पत्र लिहिणाऱ्या मास्तरांची विद्यार्थिनी आता पुण्याला यायच्या तयारीत आहे. वडिलांनी होकार दिला आहे, पण एका वर्षापुरताच. येण्यापूर्वी काय वाचू, असे तिने विचारले. मी कळवले आहे की, वाचायचे तर मराठी व्याकरणाचे शाळेतले पुस्तक, त्यातले प्रयोगाचे प्रकरण. आणि घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर त्याच्याकडून शंभरापर्यंत विशांनी मोजायला शिकून ये.